३८ सेकंद

मी मधेच श्वास घेतला. झालं एवढंच. तसं बघायला गेलं तर यात सांगण्यासारखं काय आहे, माणूस श्वास घेणारच. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी पावणेआठच्या सुमारास हिमाचलातल्या तीर्थन नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून मी जो एक श्वास घेतला तो काही केल्या डोक्यातून जात नाहीये. बायकोला सांगून बघितलं, ती म्हणाली तुला दुसरे उद्योग नाहीत का. म्हणून इथे लिहून टाकतोय. बरोबर होता त्या मित्राचं नाव लिहीत नाही. त्याला विचारलेलं नाही, पण विचारलं असतं तर "माझं नाव कुठे टाकू नकोस हां" हेच म्हणाला असता, एवढी ओळख जुनी आहे.

नियम त्याचाच. मासा पाण्याबाहेर काढला की ज्याच्या हातात मासा आहे त्याने श्वास रोखायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटायला लागला की समजायचं त्यालाही वाटायला लागलाय, ठेव परत पाण्यात. हे काही त्याने शोधून काढलेलं नाही, फ्लाय फिशिंगवाले एकमेकांना सांगतच असतात, पण हा अशा थाटात सांगतो की घराण्याचा कुळाचार आहे. त्यात ह्याची स्वतःची एक भर, की फोटो काढणाऱ्यानेही श्वास रोखायचा. "नाहीतर तो निवांत अँगल शोधत बसतो." पहिल्या दिवशी होमस्टेच्या अंगणात चहा पिताना त्याने मला हे सांगितलं आणि मी हसत हसत ओके म्हणालो.

आता मी मूळचा चिपळूणकडचा. मासे कसे पकडायचे हे मला कुणी शिकवावं असं काही उरलेलं नाही, असा माझा समज. पहिला पाऊस सणकून झाला की वहाळातून चढणीचे मासे वर यायचे, पार शेताच्या बांधापर्यंत, आणि रात्री अख्खी वाडी बॅटऱ्या घेऊन बाहेर पडायची. टोपल्या, काठ्या, कोयते, ज्याच्या हाताला जे येईल ते. मासे अंडी घालायला चढतायत हे माहीत नव्हतं असं नाही, माहीत होतं म्हणून तर मजा, पोटं गाबोळीने टम्म असायची. आजी ती गाबोळी हळद-तिखट-आगळ लावून तव्यावर टाकायची आणि आम्ही पोरं तव्याभोवती कुत्र्याच्या पिल्लांसारखी. एरवी काका गरी घेऊन बसायचा, गरीला गांडूळ, दोरीला शिशाचा तुकडा, मासा लागला की डोक्यावरून मागे गवतात भिरकावून द्यायचा. मासा मागे फडफडत असायचा आणि काका पुढचं गांडूळ शोधत असायचा. फडफड कमी कमी होत थांबायची. कुणी मागे वळून बघायचं नाही. मीही नाही, आणि त्यात काही वाईट होतं असं आजही मला वाटत नाही, खोटं कशाला बोलू.

आजीने आणखी एक शिकवलं होतं ते म्हणजे बाजारातला मासा बघणं. डोळा बघ, अंगठ्याने दाबून बघ आणि शेवटी कल्ला उचलून बघ. लालभडक असला तर भाव कर, मातकट झाला असेल तर पुढे चल. पुण्यात आल्यावर पंचवीस वर्षं मी हेच करतोय. किती कल्ले उचलले असतील याचा हिशोब नाही. त्यामुळे मित्राने जेव्हा सांगितलं की आपण चार दिवस हिमाचलला जाऊ, ट्राउट पकडू आणि परत सोडून देऊ, तेव्हा कोकणातला कुणीही विचारेल तेच मी विचारलं. आणि मग खायचं काय?

त्याचा हा नाद २०२१ नंतरचा. त्या एप्रिलमध्ये तो बारा दिवस ऑक्सिजनवर होता. घरी आला तेव्हा बाथरूमपर्यंत गेला तरी पलंगावर बसून दम खायचा. फुप्फुसं हळूहळू सुधारतील, पण जिम वगैरे विसरा, मोकळ्या हवेत राहा, असं डॉक्टर म्हणाले. रात्री झोप यायची नाही तेव्हा हा मोबाइलवर काय बघायचा तर कुठल्यातरी थंड देशातला एक म्हातारा नदीत उभा राहून दोरी हवेत फिरवतोय. बोलणं नाही, म्युझिक नाही, नुसता पाण्याचा आवाज. तासनतास तेच. मग एक दिवस चार तुकड्यांची, फाइव्ह वेट का कायशी रॉड मागवली आणि सोसायटीच्या गार्डनमध्ये प्रॅक्टिस सुरू. हुकच्या जागी लाल लोकरीचा तुकडा. वॉचमन विचारायचा, साहेब मासा कुठंय? सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की बी विंगमधले एक गृहस्थ सकाळी चाबूक मारत असतात, मुलं घाबरतात. तो चिडला नाही. आधीचा असता तर त्याने ग्रुपवर महाभारत केलं असतं.

फ्लाय म्हणजे माशी. माशीने मासा धरायचा, भाषेच्या दृष्टीने प्रकरण मला तिथेच आवडलं होतं. माशी अर्थातच खोटी. बारक्या हुकवर कोंबड्याच्या मानेची पिसं, मोरपिसाचे एकदोन केस आणि वहिनींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा गुंडाळून हा रात्री टेबललॅम्पखाली माश्या बांधत बसतो. मटणाच्या दुकानाशेजारच्या चिकनवाल्याकडे पिसं मागायला मी बरोबर होतो. तो बिचारा आधी आम्हाला आणि मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "काका, काय करणी-बिरणी आहे का?" तेव्हापासून दर वेळी काही बिनसलं की आमचं ठरलेलं वाक्य, कुठे माशी शिंकली बघ.

दिल्लीहून रात्रीची व्हॉल्वो पकडली आणि पहाटे बोगद्याच्या अलीकडे औटला उतरलो. मनालीचे बाकीचे लोक झोपलेले, आम्ही दोघे सामानासह अंधारात. टॅक्सीने लारजीपाशी आलो तेव्हा फटफटलं होतं, १२६ मेगावॉटच्या त्या धरणाचं पाणी हिरवंगार आणि मेल्यासारखं शांत. तिथून आत वळलं की तीर्थन सुरू होते आणि आवाज बदलतो. ह्या नदीवरही प्रकल्प येणार होते, खोऱ्यातले लोक, त्यात त्यांचे एक म्हातारे माजी आमदारही, वर्षानुवर्षं भांडले आणि ते बंद पाडले, म्हणून ही वाहती राहिली. बंजार गेलं, गुशैणी आलं. रस्त्याच्या कडेला प्लमची झाडं पांढरी झालेली, पान एक नाही नुसती फुलं, वर डोंगरात बुरांशाच्या फुलांचे लाल ठिपके, आणि खाली नदीच्या पात्रात रिक्षाएवढाले धोंडे. ड्रायव्हर म्हणाला, ये सब पानी लाया है साहब. २०२३ च्या जुलैत कुल्लूत काय झालं ते आपण टीव्हीवर बघितलंच होतं, पण रिक्षाएवढा धोंडा पाणी आणतं म्हणजे काय हे त्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

होमस्टेचे मालक, आम्ही त्यांना भाईजी म्हणायचो, तेच आमचे गाइड. साठीचे असतील, डोक्याला कुल्लूची टोपी, पायात प्लास्टिकचे बूट, आणि पाण्यात उतरायचे आमचे ते भारी वेडर बघून त्यांना आवरता येत नसलेलं हसू. परमिट त्यांनीच आणून दिलं. एक मार्चला सीझन उघडतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद, कारण तेव्हा ट्राउट अंडी घालते. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यासमोर तो तवाच आला. इथे मासा अंडी घालतो म्हणून नदीला चार महिने कुलूप, आणि आम्ही नेमका तेवढ्याच दिवसांत कोयता घेऊन पळायचो. लाज वाटली का? थोडी. आणि तोंडाला पाणी सुटलं का? तेही सुटलं. आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही, महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे आहेत, मोठाले महसीर, लोक त्यांना खायला घालतात आणि कुणाची हात लावायची टाप नाही. पण तो एक डोह देवीचा, बाकीचा आपला.

भाईजी "हमारी टराउट, हमारी टराउट" म्हणत होते ते ऐकून मित्र गालात हसत होता, कारण ही मंडळी मूळची इथली नव्हेतच. साहेबाला भारतात बसून घरच्यासारखी मासेमारी करायची होती म्हणून ब्राउन ट्राउटची अंडी बोटीने मागवली गेली. पहिली खेप मेली, मग १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली काश्मीरला जगली, आणि तिथून १९०९ मध्ये कुल्लूकडे महिलीच्या हॅचरीत. साहेब गेला, मासा राहिला. नदीत आधीपासून असलेली स्नो ट्राउट, जिचं नाव ट्राउट पण जातकुळी आपल्या रोहू-महसीरची, ती या पाहुण्यापुढे मागे पडली म्हणतात. म्हणजे आपण एवढ्या प्रेमाने सोडून देतो तो मासा एका अर्थी घुसखोर. मी हे मित्राला बोलून दाखवलं. तो म्हणाला, शंभराच्या वर वर्षं झाली राव, अजून किती पिढ्यांनी डोमिसाइल मिळणार त्याला? मला पटलं नाही, पण हसू आलं.

पहिला दिवस माझा पूर्ण फजितीचा. आपल्या गरीचं कसं असतं, वजन टोकाला, भिरकावली की गेली. इथे माशीला वजनच नसतं, वजन सगळं दोरीत, म्हणजे फेकायची दोरी आणि माशी तिच्या मागून करवलीसारखी जाते. डोक्याशेजारी घड्याळ आहे असं धरायचं आणि हात दहा ते दोनच्या मधे ठेवायचा. दोरी मागे गेली की थांबायचं. ती पाठीमागे सरळ होईपर्यंत एक क्षण काहीही करायचं नाही, आणि मगच पुढे. मला हे थांबणं जमेना. मागे काय चाललंय दिसत नसताना नुसतं उभं राहायचं म्हणजे पाठीला खाज सुटल्यासारखं होतं, हात आपोआप पुढे जातो आणि दोरीचा गुंता डोक्यावर पडतो. किंवा मग जास्त थांबलो की माशी मागच्या झाडात. दिवसभरात सात माश्या मी झाडांना वाहिल्या. एकेक माशी म्हणजे त्याची अर्ध्या तासाची मेहनत. तो काही न बोलता डबी उघडायचा, आठवी काढायचा, थंडीने काकडलेल्या बोटांनी गाठ मारायचा आणि गाठ आवळताना थुंकी लावायचा. कोरडी गाठ तुटते म्हणे.

दुपारी ऊन आलं तेव्हा त्याने मला पाण्यातला एक दगड उलटा करून दाखवला. दगडाच्या पोटाला बारीक किडे चिकटलेले, सरपटणारे. तीन शेपट्या ती मेफ्लाय, दोन शेपट्या ती स्टोनफ्लाय, आणि हे वाळूचे कण चिकटवून केलेलं नळकांडं दिसतंय ना, त्यात कॅडिसची अळी आहे. माझ्या नखावर ठेवली त्याने ती. सोनाराने घडवावं तसं नळकांडं, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि त्यातून एक काळं डोकं बाहेर येऊन परत आत गेलं. पाणी घाण झालं की हे किडे पहिले जातात, म्हणाला. मग ट्राउट कुठे उभी राहते ते सांगितलं, जोरात वाहणारं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेषेवर, धोंड्याच्या आडोशाला, तोंड कायम वरच्या बाजूला. खाणं आपोआप वाहत येतं आणि ताकद कमी लागते. आणि मग ऑक्सिजन. थंड पाण्यात तो जास्त विरघळतो, १० डिग्रीला लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० डिग्रीला जेमतेम साडेसात, म्हणून हा मासा आपल्याकडे जगणार नाही. ऑक्सिजनचा विषय निघाला की तो नेहमी असा आकड्यांत बोलतो. मी दगड होता तसा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. भाईजी आले नाहीत, त्यांच्याकडे कुणाचं तरी लग्न होतं. घोंगडीसारखी थंडी, ऊन अजून समोरच्या डोंगराच्या टोकावर, बोललं की तोंडातून वाफ. एक छोटा तपकिरी डिपर पक्षी एका धोंड्यावर उठाबशा काढत होता, मधेच पाण्यात बुडी मारून दुसरीकडे निघायचा, ते बघण्यात माझा अर्धा तास गेला. रॉड मी किनाऱ्यावर ठेवून दिली होती. मित्र वरच्या अंगाला, कमरेच्या जरा खाली पाणी, एकाच जागी पुन्हा पुन्हा माशी सोडत होता, आणि काय सांगू, आवाज न करता. सोसायटीच्या गार्डनमध्ये चाबकासारखी वाटणारी दोरी इथे हवेत लांबलचक सुटत होती, पाण्यावर टेकत होती, पाण्याच्या चालीने खाली येत होती, परत उचलली जात होती. चालीत फरक पडला की माशाला कळतं, ही खोटी. म्हणून तो मधेमधे मनगटाने दोरीचा फुगवटा हळूच वरच्या बाजूला टाकत होता. त्याला मी इतका शांत कधी बघितला नव्हता. वीस वर्षांपूर्वी हा माणूस सिग्नलला हॉर्न दाबून धरायचा.

मग दोरी जराशी थांबली. झटका नाही, काही नाही, नुसती थांबली, आणि त्याचा हात वर गेला, आणि काठी अशी वाकली की मला काका आठवला.

पाचएक मिनिटं चाललं असेल. जाळी पाण्यात धरून त्याने मला हाक मारली, फोन काढ. मी धडपडत गेलो. ब्राउन ट्राउट, वीतभर आणि वर चार बोटं. पोट हळदीत बुडवल्यासारखं, अंगावर काळे आणि लाल ठिपके आणि लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. बाजारातल्या माशाला रंग असतो पण असा रंग नसतो, हा आतून पेटवलेला होता. हुक काढून झाला होता, मासा अजून पाण्यातच, याने दोन्ही हात ओले करून खालून आधार दिलेला. "रेडी?" म्हणाला. हो म्हणालो. त्याने आत श्वास ओढला, त्याच्या मोठ्या श्वासाला अजून शेवटी एक बारीक शिट्टी येते ती आली, आणि मासा वर उचलला.

माझा अंगठा ओला होता. फोन अनलॉक होईना. पॅटर्न काढला, कॅमेरा उघडला, नेमकं त्याच वेळी डोंगरावरून ऊन खाली उतरून लेन्समध्ये. जरा डावीकडे झालो. पहिले तीन हलले. मासा वळवळला, त्याने धरला. मी खुणेने सांगितलं थोडा तिरपा कर, त्याने केला. एक काढला, मागे त्याचं डोकं कापलं गेलं. आणि इतका वेळ छातीत कोंडलेलं ते सगळं एकदम वर आलं आणि मी श्वास सोडला, परत घेतला, आणि परत फोटो काढायला लागलो. इतकं सहज. शाळेत पीटीच्या सरांची पाठ वळली की हात खाली घ्यायचो, तितकं सहज. फक्त थंडी होती, त्यामुळे माझ्या तोंडातून वाफेचा हा मोठा लोट निघाला आणि फोनच्या पुढून वर गेला. तो समोरच होता. माशाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, मी "झालं" कधी म्हणतो याची वाट बघत. चेहरा लाल झालेला, गळ्याच्या शिरा ताठ. आणि त्याच्या हातात माशाचे कल्ले उघडत होते, मिटत होते, उघडत होते. आयुष्यभर जे मी नखाने उचलून बघत आलो, लाल आहे का, ताजा आहे का, ते मी पहिल्यांदा आपलं आपण उघडताना बघत होतो, आणि मला सुचलं काय तर, वा, हा बेस्ट येणार.

बेस्ट आला. मग मी झालं म्हणालो.

त्याने मासा खाली घेतला, श्वास सोडला, आणि खोकला. बराच वेळ खोकला, पण हात पाण्याखाली तसेच, एक शेपटीच्या बुंध्याशी, एक पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. मासा एका कुशीवर कलत होता, हा त्याला सरळ करत होता, परत कलत होता. मी शेजारी उभा. डिपर आला, गेला. दोन मिनिटं की चार, सांगता येणार नाही. मग माशाने शेपटी एकदा हलवली आणि त्याच्या हातातून निघाला, पण व्हिडिओत दाखवतात तसा सुळकन नाही, आजारी माणूस भिंत धरत धरत चालतो तसा, आणि मोठ्या धोंड्याखाली सावलीत गेला. "गेला," तो म्हणाला. मी विचारलं, जगेल ना? तो हात पुसत म्हणाला, बघू. पुढे त्याबद्दल एक शब्द नाही. थर्मासमधला चहा काढला, मला आधी दिला.

रात्री भाईजींच्या घरी ट्राउटच होती. फार्मवरची, रेनबो, नागिणी गावच्या फार्मवरून आणलेली, सरसूच्या तेलात तळलेली. सोबत सिड्डू आणि अक्रोडाची चटणी. स्वयंपाकघरात चुलीपाशी शेकत बसलो होतो तेव्हा तळायच्या आधीचे मासे परातीत होते आणि मी सवयीने वाकून एकाचा कल्ला उचलून बघितला. लालभडक. भाभीजी खूश झाल्या, म्हणाल्या इनको पहचान है. दोन खाल्ले मी, मित्राने दीड, काट्यांचा ढीग केला. चव खरं सांगायचं तर आपल्या माशांपुढे जरा मिळमिळीत, मीठ-आगळ हवं होतं, पण भूक सडकून लागली होती. आजी असती तर म्हणाली असती, सकाळी त्याला सोडलंत कशाला आणि रात्री ह्याला खाल्लंत कशाला, एक काय ते ठरवा. उत्तर माझ्याकडे नाही. खाल्लेल्या माशाचं मला काहीही वाटलं नाही. सकाळचा मात्र झोपताना धोंड्याखाली दिसत होता, कुशीवर.

आणि मग दुसरं ते आठवलं. जे मला आठवायचं नव्हतं.

२०२१ च्या त्या एप्रिलमध्ये बेड मिळायच्या आधीचे तीन दिवस तो घरी होता. वहिनी पण पॉझिटिव्ह, मुलगी आजोळी. धावाधाव मी करत होतो, इंजेक्शन, सिलेंडर, कुणाच्या ओळखीचं कोण, तुम्हाला ते दिवस सांगायला नकोत. तो मला तासातासाला ऑक्सिमीटरचा आकडा पाठवायचा, पुढेमागे काही शब्द नाही, नुसता आकडा. ९३. ९१. ९२. मी अंगठा पाठवायचो. तिसऱ्या रात्री सिलेंडर पोचवून घरी आलो तेव्हा साडेबारा झाले होते, दोन दिवस झोप नव्हती, आणि मी फोन सायलेंटवर टाकला. चुकून नाही. बटण दाबताना मला माहीत होतं मी काय करतोय. फक्त चार तास, असं मी स्वतःला सांगितलं. पहाटे उठलो तेव्हा तीन मिस्ड कॉल आणि एक मेसेज, ८४. तोपर्यंत त्याच्या मेहुण्याने ॲम्ब्युलन्स मिळवली होती, बेड मिळाला होता, पुढचं सगळं नीट झालं. मी त्याला सांगितलं की फोन डिस्चार्ज झाला होता. तो म्हणाला, अरे चालतंय की. चार वर्षं आम्ही आठवड्यातून दोनदा भेटतो, तो विषय निघालेला नाही. त्याला कळलं असेल का मला माहीत नाही. सायलेंटवर रिंग पूर्ण वाजत राहते, डिस्चार्ज झालेला फोन लागतच नाही. तो इंजिनियर आहे.

परत येताना औटच्या स्टॉपवर बस उशिरा होती. तो म्हणाला, फोटो पाठव सगळे. पाठवतो म्हणालो. "व्हॉट्सॲपवर नको, क्वालिटी जाते, ड्राइव्हवर टाक. सगळे टाक, हललेले पण." मी बसमध्ये फोन उघडून बसलो. अकरा फोटो. माझ्या फोनमध्ये फोटोच्या नावातच तारीख आणि वेळ असते, सेकंदासकट. पहिला ०७४३१२, शेवटचा ०७४३५०. वजाबाकी करायला काही लागत नाही. आणि त्याच्या आधीचा, अंगठा पुसण्याचा आणि पॅटर्नचा वेळ त्यात धरलेलाच नाही. तो सांगतो दहा सेकंद, फार तर पंधरा. पाचव्या फोटोत डाव्या कोपऱ्यात पांढरट धूसर काहीतरी आहे, ज्याला माहीत नाही त्याला वाटेल धुकं.

मी एकच पाठवला. शेवटचा, बेस्ट आलेला. म्हणालो बाकीचे फारच हलले होते रे, डिलीट केले. तो म्हणाला, चालतंय. फोटो खरंच सुंदर आहे, मासा तिरपा, कल्ला अर्धा उघडा, उन्हात एक थेंब हनुवटीवरून सुटलेला, मागे त्याचा लाल चेहरा, लोकांना वाटतं आनंदाने फुललाय. त्याने तो लगेच डीपी केला. बाकीचे दहा माझ्याकडे आहेत.

परवा रात्री पावणेबाराला त्याचा फोन आला. अंधारात स्क्रीनवर तो मासा. हल्ली फोन उशाशीच असतो, आवाज चालू, बायको वैतागते. दुसऱ्या रिंगला उचलला.

"झोपला होतास?"

"नाही रे. काय झालं?"

"काही नाही. तो चिकनवाला रविवारी किती वाजता उघडतो? लाल पिसं संपलीत."

मी म्हणालो, सातला. पुढे काही बोलला नाही तो लगेच, आणि मीही नाही. त्याच्याकडे पंखा चालू होता, त्याचा आवाज येत होता, आणि त्यात अधूनमधून ती बारीक शिट्टी.

"येतोस?" म्हणाला.

"येतो की. पावणेसातला खाली उभा राहतो."